सगळ्यात जोरदार ट्रान्झिस्टर

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात डाग देताना तापल्या राळेचा वास आला, की मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये पोचतो. बाबा शेवटच्या दुखण्यात खाटेवर होते. सहा वाजता नागपूरहून रेडिओवर ताई गाणार होती. मी बनवलेल्या रेडिओच्या प्रीअँप्लिफायरचा ट्रान्झिस्टर तेवढा लावायचा राहिला होता. बाबांना कमी ऐकू यायचं, म्हणून मीटरवर तपासून सगळ्यात जास्त गेनचा, म्हणजे आवाज सर्वांत जास्त वाढवणारा, जोडला. स्टेशन जवळचं, सिग्नल तगडा; ताईचा आवाज पार फाटला. बदलायला वेळ नव्हता.

"बाबा, ताई गाऊन राहिली!" मी रडकुंडीला येऊन ओरडलो.

"कायले फसवून राहिला बापू मले? हे आपली सुमी नाही."

चौथ्या दिवशी बाबा गेले. तेरवीनंतर मी कमी गेनचा ट्रान्झिस्टर लावला. आवाज अगदी स्वच्छ आला. धानाचे बाजारभाव चालू होते.