माझ्या हातावरचा स्नो

"हात उताणा कर. ओट्याले लागू देऊ नको."

मी खाली अंगणात. मी कामाला होते त्या दिग्रसच्या कापूस-व्यापाऱ्याच्या घरच्या मालकीणबाई वर, ओट्यावर. त्यांनी नव्या डबीतला तोंडाला लावायचा स्नो काडीपेटीच्या काडीवर घेतला आणि वरूनच माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला झटकला. चोळायचा मीच. काडी उचलून फेकायची मीच.

"हिच्या अंगावर लाल दिसंल तरी काय?" त्यांची मुलगी हसली. तिला मी ताई म्हणायची.

"म्हणून तं आतून लावून राह्यली. आतून उजळ असतेत हे लोकं."

ताईंचं लग्न ठरलं होतं. मागं एकदा कुठल्याशा क्रीमनं त्यांचं तोंड सुजलं होतं. तेव्हापासून नागपूरहून आलेली प्रत्येक डबी पहिले माझ्या हातावर. दोन दिवस तो हात धुवायचा नाही. शेणसुद्धा एकाच हातानं काढायचं. सकाळी बाई ओट्यावरून वाकून विचारायच्या, "उठलं काय वं?" नाही म्हटलं, की डबी घरात जायची.

मी चौथीतून शाळा सोडलेली. गाव दूर, कळंबकडे. गोठ्याशेजारच्या खोलीत निजायची. पोटभर भाकर होती, जुनं लुगडं मिळालं होतं. मला इथं सोडून जाताना बाप म्हणाला होता, "अन्नाले जागजो, पोरी." नागपूरहून दीक्षा घेऊन आला तेव्हा त्यानं घरातले देव नदीत सोडले होते. भीती तेवढी सुटली नव्हती. माझी तर नाहीच. मी इथं जेवत होते म्हणून घरी धाकट्यांना जास्तीची भाकर होती. परत कोणत्या तोंडानं जायचं?

मग गोरं व्हायचं मलम आलं. दुपारीच हात पेटला. दिवस कलेपर्यंत फोड. रडत रडत दाखवला.

"देव पावला!" बाई म्हणाल्या. "पोरीच्या तोंडावर झालं असतं म्हंजे?"

त्यांनी वरून खोबरेल ओतलं. आणि मी... लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, "उपकार झाले, बाई."

फोड सुकायच्या आत दुसरी डबी आली.

"आता दुसरा हात काढ."

मी आधी पाणी मागितलं. बाईंनी माठातून तांब्या भरला, माझ्या ओंजळीत उंचावरून धार धरली. तांब्या माझ्या बोटाला लागू नये म्हणून किती ते जपणं! पाणी कोपरापर्यंत ओघळलं. फोड चुरचुरला. आणि एकदम कळलं. माझ्या अंगावर उठतं तेच ताईंच्या अंगावर उठतं, हे या बाईला पक्कं माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच मी. मग विटाळ कसला?

मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"काहून वं? काय झालं तुले?"

"आमची कातडी तुमच्यासारखीच असंल, तं माठातलं पाणी माह्या हातानं घेऊ द्या. येगळी असंल, तं डबी वाया कायले घालता?"

बाई पांढऱ्या पडल्या, स्नो न लावताच.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतं काय? निघ! पाहू कोण ठेवते तुले."

निघाले. गावाकडची एसटी उभी होती. चढले नाही. कापसातली सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी बाया कामासाठी उभ्या होत्या, त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. तिथं ठेवतील की नाही, ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं: हात राबायला देईन. कातडी कुणाला देणार नाही.