फांदीवरची सवत

शिवणवाल्या बाईंचा नवरा वनखात्यात चौकीदार होता आणि रात्रभर जंगलात असे. निदान तो तसं सांगे तरी. बाई दिवसभर मशीन चालवत, तीन पोरं सांभाळत आणि गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकून घेत. गिऱ्हाइकं म्हणत, कुठेतरी पाणी मुरतंय. बाई म्हणत, मुरू दे, आधी बाही घालून बघा.

पण नवरा अधूनमधून लाल कपड्याची चिंधी मागून नेई. तीही पातळ आणि कोरी हवी. कशाला, असं विचारलं तर म्हणे, "एक माकड आहे. मुठीत मावेल एवढं. डोळे हे एवढाले. रात्रीच बाहेर पडतं, फार लाजतं." असलं वर्णन ऐकून कुठली बायको निवांत झोपेल? बाईंनी त्या माकडाला मनातल्या मनात सवत ठरवून टाकलं.

नवऱ्याच्या निवृत्तीला आठवडा उरला, तेव्हा बाईंनी चपला घातल्या. "चला. दाखवा मला ती."

"अगं, दिसेलच असं नाही. फार थोडी उरलीत आता."

"मला एकच पुरे."

जंगलात शिरल्यावर नवऱ्याने बॅटरीच्या काचेवर लाल चिंधी बांधली. पांढऱ्या उजेडाने त्या जिवाचे डोळे दिपतात, म्हणाला. बाईंचा राग तिथेच अर्धा ओसरला, आणि ओसरला म्हणून त्यांना पुन्हा राग आला. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं सांगायला काय झालं होतं? नवऱ्याचं म्हणणं, सांगितली होती, तेव्हा मशीन चालू होतं.

मग एका काटेरी झाडावर दोन डोळे चमकले. पिल्लू होतं. काटकुळ्या हातांनी फांदी कवटाळून एकटंच बसलेलं. बाई गप्प झाल्या. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.

"आई कुठंय त्याची?" शेवटी त्या कुजबुजल्या.

"किडे शोधायला गेली असेल. पिल्लाला असं ठेवून जाते, पहाटे येऊन घेऊन जाते."

"आणि बाप?"

"असतो इथंच कुठेतरी. मारतो मधूनच एखादी चक्कर."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो चिंधीची गाठ सारखी करत होता. बाईंना फार वाईट वाटलं. पिल्लासाठी की स्वतःसाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बॅटरी बंद करा. त्याची आई येईपर्यंत थांबू."

"अगं, पहाट होईल."

"होऊ दे," बाई झाडाच्या बुंध्याशी बसत म्हणाल्या. "पोरापाशी बसून रात्र काढायची मला सवय आहे. तुम्हाला जमतंय का बघा."