राठोड सरांशी एक्केचाळीस मिनिटं

या सदरातले अनुभव मी आजवर निव्वळ हसायला वाचले, हे आधीच सांगून टाकते. पिंपळ, पैंजण, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही... आणि खाली शंभर जण लिहिणार — 'वाचून अंगावर काटा आला'. मला काटा कधी आला नाही, कंटाळा मात्र आला. सांगणाऱ्याला पुरावा मागा, तो चिडणार. तपशील विचारा, तो सांगणार की हे माझ्या मावसभावाच्या मित्राच्या बाबतीत झालं. असल्या लोकांविषयी मला कधीही आदर वाटला नाही, आजही वाटत नाही. आता मी त्यांच्याच रांगेत उभी आहे, त्याला माझा इलाज नाही.

मी घाटंजीची. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव आणि भुतं एकाच दिवशी घराबाहेर काढली, त्यामुळे लहानपणी मला घाबरवायला सुद्धा कोणी भूत वापरलं नाही. आई अंगणवाडीत, बाबा पंचायत समितीत. सध्या मी स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात तत्त्वज्ञानात पीएचडी करते. प्रबंधाचा विषय — दुसऱ्यानं नुसतं सांगितलं म्हणून एखादी गोष्ट आपल्याला 'माहीत' झाली असं म्हणता येतं का? माझं उत्तर होतं, नाही. सांगणारा भरवशाचा आहे हे आधी स्वतः तपासा, मग माना. म्हणजे बघा, या सदराच्या नेमकं विरुद्ध.

तत्त्वज्ञान नावाचा विषय जगात आहे, हे मला राठोड सरांमुळे कळलं. ते घाटंजीच्या ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. आर्ट्सच्या वर्गात हा विषय घेणारे आम्ही नऊ जण, त्यातले सहा जण मार्क चांगले पडतात म्हणून आलेले. सर आठ किलोमीटरवरच्या तांड्यातून जुन्या स्कूटरवर यायचे. सगळी उदाहरणं बकऱ्यांची. 'सर्व बकऱ्या मर्त्य आहेत, धोंडी ही बकरी आहे...' बारावीनंतर त्यांनीच बाबांना समजावलं, पुण्याचा फॉर्म स्वतः भरला. पुण्यातून बाहेर जायचं ठरलं तेव्हाही पहिलं शिफारसपत्र त्यांचंच होतं. इंग्रजीत, सात ओळींचं, चार चुका असलेलं. ते मी अर्जाला जोडलं नाही. सरांना सांगितलं, जोडलं म्हणून.

परदेशात तत्त्वज्ञान शिकणं म्हणजे काय, याबद्दल इथे कोणाला भक्तिभाव असेल तर तो सोडा. ओलसर वासाची एक खोली, सात माणसं, आणि समोरची खुर्ची खरंच आहे का यावर दोन तास. कोणी कोणाला मूर्ख म्हणत नाही, 'इंटरेस्टिंग' म्हणतात. अर्थ तोच. मी ते लवकर शिकले, आणि शिकल्यावर पहिल्यांदा ते वापरलं राठोड सरांवर. शुक्रवारी पबमध्ये मी त्यांची नक्कल करायची — धोंडी बकरी, ते इंग्रजी, तो हात हवेत फिरवणं. सगळे पोट धरून हसायचे. दर टर्मला नवीन लोक आले की कोणीतरी म्हणायचंच, ते गोट टीचरचं सांग ना.

गेल्या ऑगस्टमध्ये प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी सरांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. मत मागायला नाही, दाखवायला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. मी म्हटलं, डोक्यावरून गेलं असणार.

दिवाळी झाल्यावर आईचा फोन. "सरले बरं नाही म्हन्ते. बाजारात कोनीतरी सांगत होतं. एक फोन तं कर."

मला वाटलं, ताप-बिप असेल. शनिवारी सकाळी साडेनऊला मी फोन लावला, म्हणजे घाटंजीकडे दुपारचे तीन. खोलीत मी एकटी, पूर्ण जागी, चहा पिऊन झालेला. फोन उचलला गेला, थोडी खरखर झाली, आणि मग सरांचा आवाज.

"बोल मित्रा."

संघमित्रा या नावाचं मित्रा फक्त तेच करतात. मी जयभीम म्हटलं, ते त्यांचा बंजाऱ्यांचा जय सेवालाल म्हणाले, नेहमीसारखं. तब्येत विचारली तर म्हणाले, "ते राहू दे. तुहं प्रकरण वाचलं."

मी त्यांना माझा मुद्दा सोप्या मराठीत समजावून सांगायला लागले — लहान मुलाला सांगतात तसा. ते मधेमधे हूं म्हणत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "मी पहिलीत असतानाची एक गोष्ट सांगतो."

मी मनात म्हटलं, आली बकरी.

"आमच्या घरी गोरबोली. मराठी मले काहीच येत नव्हती. शाळेत पह्यल्या दिवशी बाजूच्या पोरानं शिकवलं, मास्तरनं नाव घेतलं का 'गैरहजर' म्हनाचं. मी आठ दिवस म्हनलो. मास्तर म्हने राठोड, मी उभा राहून म्हनो गैरहजर. सारा वर्ग हासे. मास्तर मारे. मले वाटे, आवाज कमी पडला, म्हनून मी अजून जोरानं म्हनो."

मला हसू आलं. त्यांनी हसू दिलं.

"आता तू सांग. थो शब्द खोटा हाये हे मी कसं तपासाचं? कोनाले विचाराचं? ज्याले विचारीन, थोही शब्दच सांगनार. शेवटी हापशीवर एका पोरीनं सांगतलं का येड्या, हजर म्हन. मी तिचं मानलं. काहून मानलं? तिले बी तं मी ओळखत नव्हतो. म्हनजे खोटं पकडाले बी कोनाच्या तरी शब्दावरच भरोसा ठेवा लागला. तू म्हन्ते आधी तपास, मंग मान. कायच्यानं तपासाचं, मित्रा?"

हा आक्षेप पुस्तकांत वेगळ्या रूपात आहे. मी तो दोन ओळींत उडवून लावला होता. पण या उदाहरणासमोर त्या दोन ओळी टिकत नव्हत्या, हे मला तिथल्या तिथे दिसलं, आणि राग आला. कुठल्या तांड्यावरचा म्हातारा, आणि माझं प्रकरण... मी उलट युक्तिवाद केले. त्यांनी एकेक शांतपणे खोडला. बोलता बोलता मी प्रकरणाच्या प्रिंटवर मार्जिनमध्ये टिपत होते — 'गैरहजर', 'आठ दिवस', 'हापशी, मुलगी'. शेवटी म्हटलं, "सर, मला लायब्ररीत जायचंय." ते म्हणाले, "जा." मी फोन ठेवला. एक्केचाळीस मिनिटं. कॉलची नोंद अजून फोनमध्ये आहे.

डिसेंबरभर मी ते प्रकरण पाडून पुन्हा लिहिलं. गैरहजरचं उदाहरण मध्यभागी घेतलं. गाइड वाचून 'इंटरेस्टिंग' म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की त्यांना खरंच तसं म्हणायचंय. सरांना मी पुन्हा फोन केला नाही. त्यांना कळवण्यासारखं काय होतं? तुमचं बरोबर होतं — एवढंच. तेवढं माझ्या तोंडून निघेना.

सरांशी बोलले, ते ठीक आहेत, असं आईला मी तेव्हाच सांगितलं होतं, त्यामुळे घरी तो विषय पुन्हा निघाला नव्हता. मे महिन्यात घरी आले. चौथ्या दिवशी सकाळी बाबांची स्कूटी घेऊन एकटीच तांड्यावर गेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ओट्यावर जावेबरोबर गहू निवडत बसल्या होत्या. आत पंख्याखाली खाटेवर सर. उजवा हात पोटाशी दुमडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. माझ्याकडे बघून त्यांचे डोळे भरले. मी म्हटलं, "सर, जयभीम." त्यांचे ओठ हलले, घशातून एक घोगरा सूर निघाला, बस.

"बोलता येत नाही त्याहिले," काकू म्हणाल्या. "लकवा मारला ना. वाचाच गेली."

"कधी?"

"दसऱ्याच्या आधी."

मी म्हटलं, काकू, तुमची काहीतरी चूक होतेय, दिवाळीनंतर मी सरांशी फोनवर बोलले. काकू हसल्या. "हो ना. तुहा फोटो दिसला फोनवर, मी सरळ त्याहिच्या कानाले लावला. हात दुखून आला माया. पन म्या काही काढला नाही."

"मग... सर काय बोलले?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "ते कायचे बोलतीन? तूच बोलून राह्यली होती. बोले, मंग थांबे, जशी आयकून राह्यली. मंग पुन्हा बोले. एकडाव हासली. मले वाटलं, तुह्या आईनं सांगतलं असन तुले, म्हनून तू मानसाचा जीव रमवून राह्यली. मी हिले म्हनलं बी, पोरगी एवढी शिकली पन मोठी समजदार हाये."

जावेनंही मान डोलावली. ती त्या दुपारी तिथेच होती.

मी समजदार नव्हते. त्या एक्केचाळीस मिनिटांत मी त्या माणसाला काय काय बोलले होते, ते मला आठवत होतं. 'सर, हे तुमच्या सिलॅबसमध्ये नव्हतं.' 'सर, तुम्हाला संदर्भ माहीत नाहीत.' काकू हे सगळं प्रेमानं बोलणं समजून ऐकत बसल्या होत्या.

मग काकूंनी फळीवरून एक गठ्ठा काढला. माझं तिसरं प्रकरण. सरांनी घाटंजीला झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं होतं. पान न् पान लाल पेननं भरलेलं. कठीण इंग्रजी शब्दांवर बारीक अक्षरात मराठी अर्थ. शेवटच्या पानात एक रेघी कागद होता, वर 'चि. संघमित्रा हिस'. पत्र त्यांच्या स्वच्छ शाळामास्तरी मराठीत होतं. आधी प्रकरणाचं कौतुक, जे मी फोनवर ऐकलं नव्हतं. नंतर — 'मी पहिलीत असताना मला एका मुलाने गैरहजर हा शब्द शिकवला.' पुढे आठ दिवस, मास्तर, छडी, जास्त जोरात ओरडणं. आणि शेवटची ओळ, 'मग तो शब्द खोटा आहे हे मला कसे कळले? एके दिवशी हापशीवर'. पुढे कागद कोरा.

"हे लिहित असतानीच पडले ते," काकू म्हणाल्या. "मले वाचता येत नाही. कोनाले दाखवलं बी नाही. म्हनलं, तू आल्यावर तुलेच देऊ."

आता जे तुम्ही म्हणाल ते सगळं मी आधीच म्हणून पाहिलं आहे. मी सरांचा आवाज स्वतःच मनात तयार केला? मान्य, माणसं करतात. पण गैरहजरची गोष्ट मी कुठून तयार केली? वर्गात ऐकून विसरले असेन? तेव्हाच्या चौघांना फोन करून विचारलं, बकऱ्या सगळ्यांना आठवतात, ही गोष्ट कोणालाच नाही. काकूंना लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी कधी सांगितली नव्हती. सरांच्या धाकट्या भावालाही माहीत नव्हती. लाज वाटत असावी. फोनवर सरांना क्षणभर वाचा आली असेल? यवतमाळच्या डॉक्टरांना भेटून विचारलं, ते म्हणाले, एखादा शब्द निघू शकतो, एक्केचाळीस मिनिटं नाही. आणि दोन बायका शेजारी बसल्या होत्या. त्या खोटं बोलतात म्हणावं, तर कशासाठी?

मी खाटेशेजारी बसून ते पत्र मोठ्यानं वाचलं. 'हापशीवर' पर्यंत आले आणि थांबले. मग पुढचं, ती मुलगी, येड्या हजर म्हन, तिलाही ओळखत नव्हतो — हे मी मला आठवेल तसं सांगितलं. सर माझ्याकडे एकटक बघत होते. मी संपवल्यावर त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. जड, गरम हात. मग मी त्यांना तो पबमधला प्रकारही सांगितला. आणि शिफारसपत्राचं. मराठीत, सगळं, नक्कल न करता. त्यांनी हात काढला नाही.

निघताना मी विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलला होता का?"

त्यांनी मान हलवली, होकारार्थी. स्पष्ट.

माझ्या मागून काकू म्हणाल्या, "त्याच्यावर जाऊ नको बाई. चहा पाहिजे का म्हनलं तरी हो, नको का म्हनलं तरी हो. आता सगळ्यालेच हो म्हन्तात ते."

मी वळून पुन्हा विचारलं. "सर, तुम्ही बोलला नव्हता ना?"

त्यांनी पुन्हा तशीच, तितकीच स्पष्ट, मान हलवली.

प्रबंध पुढच्या महिन्यात जमा करायचा आहे. उदाहरणाच्या पहिल्या अर्ध्या भागाला तळटीप दिली आहे — राठोड सरांचं नाव, अप्रकाशित पत्र. दुसऱ्या अर्ध्या भागाची तळटीप मी तीन वेळा लिहिली आणि तीन वेळा खोडली. सध्या तिथे फक्त आकडा आहे.