भोंगेकाकांचा नवा आवाज

खोकं उघडलं आणि भोंगेकाका हबकलेच. लेकीनं बापासाठी चांगला महागाचा टॅबलेट आणला होता. काकांनी तो दोन्ही हातांनी जपून उचलला, तर त्याचे सरळ दोन भाग झाले. काच एका हातात, बटणांची पट्टी दुसऱ्या हातात! काकांना दरदरून घाम फुटला. पहिल्याच मिनिटाला वाट लावली म्हणायची.

लेक मात्र हसत सुटली. "अहो बाबा, तो असाच असतो. कीबोर्ड हवा तेव्हा लावायचा, नको तेव्हा काढायचा. आत लोहचुंबक आहे." तिनं दोन्ही भाग जवळ धरले, ते खट्कन चिकटले. काकांच्या जिवात जीव आला, पण अर्धाच.

काकांना भोंगेकाका हे नाव बसस्थानकावरच्या लोकांनी दिलेलं. उभी हयात त्यांनी चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारल्या. आवाज असा खणखणीत, की झोपलेला माणूसही आपलीच गाडी लागली म्हणून दचकून उठायचा. आणि दुखणं उपटलं तेही नेमकं गळ्यातच. मागच्या वर्षी डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं आणि त्यावर पांढरं फडकं आलं. जीव वाचला, आवाज गेला. देवानं थट्टा करायची तर किती करावी!

तेव्हापासून घरात पाटी आली. काका पाटीवर लिहायचे, काकू वाचायच्या. पण काकांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि काकूंचा चष्मा कधी वेळेवर सापडेल तर शपथ. "चहात साखर नाही" हे त्यांना समजेपर्यंत चहा पिऊन झालेला असायचा. म्हणून लेकीनं ही युक्ती काढली. कीबोर्डवर लिहायचं, मोठं बटण दाबायचं, की टॅबलेट मोठ्यानं बोलतो.

बोलला खरा, पण आवाज निघाला एका तरण्याबांड पोराचा. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "अगंबाई, शेजारणी विचारतील की घरात हा कोण आणून ठेवलाय!"

काकांना मात्र त्या पोराचं बोलणं काही रुचेना. कुठे थांबायचं कळत नाही, दम घेत नाही, "आंघोळीला पाणी काढ" आणि "अभिनंदन" एकाच सुरात. शिवाय धास्ती वेगळीच. टॅबलेटची मागची टेकणी मांडीवर टिकत नाही, काच आडवी होते. चार्जिंगचा आकडा उतरला की काकांचा चेहरा उतरतो. "ळ" शोधता शोधता समोरचा माणूस विषय बदलून मोकळा. काका दर थोड्या वेळानं काच पुसायचे. "एवढं लेकरांना नाही हो जपलंत," काकू म्हणायच्या.

पण खरी धास्ती टॅबलेटची नव्हतीच. जबड्याखाली, उजव्या बाजूला, काकांच्या बोटांना एक गाठ लागत होती. वाटाण्याएवढी होती, ती आता बोराएवढी झाली होती. तपासणीची तारीख आली तेव्हा काकांनी पाटीवर ठोकून दिलं, "डॉक्टर सुट्टीवर." काकूंनी विश्वास ठेवला. त्या आत्ता कुठे पोटभर जेवायला लागल्या होत्या, आत्ता कुठे हसायला लागल्या होत्या. ते हसू आपल्या हातानं पुसायचं? काकांचा धीर होईना. दाढी करताना हात तिथे गेला की ते आरशाकडे पाठ करायचे.

त्या सकाळी मात्र त्यांनी मनाशी ठरवलं, आज सांगायचंच. आता काकांची एक जुनी सवय होती. अवघड घोषणा असली, म्हणजे गाडी रद्द किंवा अपघाताची बातमी, की आधी माईकचं बटण बंद करून ती दोन-तीनदा म्हणून बघायची. जीभ अडखळली नाही की मगच माईक चालू करायचा. टॅबलेट स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता, कारण घरातला तेवढा एकच प्लग धड चालायचा. काकांनी खट्कन कीबोर्ड सोडवला. काच तिकडे राहिली म्हणजे माईक बंद, असा साधा हिशोब. कीबोर्ड घेऊन ते गॅलरीत जाऊन बसले. खाली रस्ता फोडायचं काम चाललं होतं, कानठळ्या बसत होत्या.

मांडीवर पट्टी ठेवून त्यांनी सराव सुरू केला. "घाबरू नकोस, पण एक सांगायचं आहे." बटण दाबलं. छे, घाबरू नकोस म्हटलं की माणूस आधी घाबरतो. "गळ्यात बारीकशी गाठ आली आहे." बारीकशी कसली! "गाठ आली आहे आणि वाढते आहे. मी तारीख चुकवली. डॉक्टर सुट्टीवर नव्हते." पुन्हा बटण. हे वाक्य ऐकताना तिचा चेहरा कसा होईल, तो काकांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि सगळं अवसान गळालं. खालचं मशीन थांबलं होतं, मजूर पाणी पीत होते. काकांनी शेवटचं लिहिलं आणि बटण दाबलं.

"नको. आज तिला सांगायचं नाही."

पाठीमागून त्या तरण्याबांड पोराचा आवाज आला, अगदी खणखणीत. पट्टी सुटी केली तरी ती बिनतारी चालतच राहते, हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं.

काका गर्रकन वळले. गॅलरीच्या दारात काकू उभ्या होत्या. टॅबलेट छातीशी धरलेला, हात पिठानं भरलेले, काचेवर पाचही बोटं उमटलेली.

"कुणाला सांगायचं नाही?" त्यांनी विचारलं.

काकांचे ओठ हलले, पण गळ्यातून नुसती हवा गेली. काकू पुढे आल्या. त्यांनी पिठाच्याच हातानं फडक्याच्या कडेनं चाचपलं, गाठ सापडली तशी बोटं तिथेच ठेवली. ओरडल्या नाहीत. काका मनात म्हणत होते, निदान ओरड तरी.

"स्वयंपाकघरात मी एकटीनं ऐकलं सगळं," त्या म्हणाल्या. "एक एक वाक्य. त्या परक्या पोराच्या तोंडून. मला वाटलं, हे बिघडलंय, बडबडतंय काहीतरी. मग डॉक्टरांच्या सुट्टीचं आलं, तेव्हा कळलं." त्या काकांच्या शेजारी खाली बसल्या. "आता मी समोर आहे. मला सांगा."

काकांनी कीबोर्ड मांडीवर सरळ केला. मग त्यांनी दोनच शब्द लिहिले.

"भीती वाटते," तो पोरगा म्हणाला. आवाजात जराही कंप नव्हता.

काकूंनी डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. "मला पण वाटते," त्या म्हणाल्या. "दोघांनी मिळून घाबरू. उठा, शर्ट बदला. दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायला हवं."