यंत्र कोणी थांबवलं नाही

मुलांनो, आजोबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत मी एका म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांसमोर उभं केलं, हे तुमच्यापर्यंत पोचलं आहे. तुमच्या आईने फोनवर विचारलं, "काय गं आई, निदान त्या दिवशी तरी..." त्या दिवशीच. का, ते तुम्ही इतरांकडून ऐकण्याआधी मी लिहिते.

लग्नानंतर काही वर्षं आम्ही दक्षिणेत होतो. आजोबा एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. लढाऊ विमान वेगात वळलं की वैमानिकाचं रक्त डोक्यातून पायांकडे ओढलं जातं आणि डोळ्यांपुढे अंधार येतो. तेच जमिनीवर घडवून पाहण्यासाठी तिथे एक लांब लोखंडी हात होता, त्याच्या टोकाला माणूस मावेल एवढी पेटी. हात गरगर फिरायचा. पेटीतल्या माणसाने समोरच्या दिव्याकडे बघत बटण दाबून धरायचं. दिवा दिसेनासा झाला की ते सोडायचं, आणि बाहेरच्याने यंत्र लगेच थांबवायचं. वैमानिकांच्या आधी आजोबा हौसेने बसायचे. घरी येऊन सांगायचे, "आज माझे गाल गळ्यापर्यंत लोंबले होते. तू ओळखलं नसतंस!"

एकदा त्यांनी बटण सोडलं आणि यंत्र थांबलं नाही. बाहेर यंत्रावर त्यांचा साहेब होता, त्याला पुढे काय होतं ते बघायचं होतं. आजोबा बेशुद्ध झाले, डोकं एका बाजूला कोसळलं, मान कायमची वाकडी झाली. चौकशीत साहेब म्हणाला, माणूस घाबरला, आत धडपडला. नोकरी गेली. आम्ही खालापूरकडे गावी परतलो. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, आजोबा रेडिओ दुरुस्त करायचे. वर बघितलं की त्यांना घेरी यायची. जत्रेत पाळण्यापाशी कोणी ना कोणी ओरडायचंच, "काय रं विमानवाल्या, बसतोस का? का अजून भ्या हाय?" ते हसायचे. मी कधी हसले नाही.

निवृत्तीनंतर साहेबाने नेरळला बंगला बांधला. आजोबा गेले तेव्हा मी स्वतः जाऊन त्याला बोलावलं. हार घालून निघू, असं त्याला वाटलं असावं. आपल्यात पुण्यानुमोदनाला आलेल्याला गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलावेच लागतात, हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं.

वंदना झाली. बौद्धाचार्य मैत्रीभावनेवर, वैऱ्याचंही भलं चिंतण्यावर बोलले, मी ऐकून घेतलं. मग आजोबांचे चुलतभाऊ शांताराम म्हणाले, "सायेब, बोला की. लाजताय काय?"

साहेब इंग्रजीत सुरू झाला. गावाला कळणार नाही, अशी त्याची अटकळ. मी शेजारी उभी राहून एकेका वाक्याचं मराठी करत गेले. कष्टाळू माणूस, मोठं काम, मग दुर्दैवाने यंत्र थांबायला जरा उशीर झाला... तेही मी मोठ्याने सांगितलं आणि विचारलं, "उशीर कोणाकडून झाला, साहेब?"

शांतारामभाऊ हळूच म्हणाले, "म्हंजे दादा घाबरला नव्हता?"

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"नाही," तो मराठीत म्हणाला. "त्यांनी वेळेवर बटण सोडलं. मीच थांबवलं नाही."

तो बसायला खुर्ची शोधू लागला. त्याने पाणी मागितलं. पाणी दिलं, खुर्ची दिली नाही.

हे आजोबांच्या कानांवर पडायला हवं होतं. ते राहून गेलं, आणि ते मी माफ करणार नाही. साहेब अजून नेरळला आहे. माझा रागही आहे.