बोटांवरचा आळ

"मावशी, पेठची बोटं धुतली होती का?"

लॅब बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर विचारलं सरांनी. माझी काचेची क्युवेट खिडकीच्या उजेडात धरून. पाहुणे हसले. मीही हसले. सवय वाईट.

सातपूरच्या आमच्या लॅबमध्ये बाकीच्या सगळ्या मॅडम. मी एकटी मावशी. एम.एस्सी. मीही केलंय. पण पेठकडच्या पाड्यावरची, रंगाने काळी, अंगाने ऐसपैस. मॅडम म्हणायला जीभ वळत नसेल. केस पिकले तरी नोकरी कच्चीच. ती पक्की करणं सरांच्याच हातात.

काम साधं. प्रोटीनचं द्रावण क्युवेटमध्ये, म्हणजे बोटभर चौकोनी नळीत घालायचं आणि त्यातून अतिनील प्रकाश सोडायचा. प्रोटीन जेवढं जास्त, तेवढा प्रकाश ते पिऊन टाकतं. त्यावरून मोजायचं. पण साधी काच हा प्रकाश स्वतःच गिळते. क्वार्ट्झची क्युवेट लागते. ती कुलपात. मॅडम लोकांना चावी. मला उत्तर ठरलेलं, "तुम्ही काचेतच करा मावशी. फुटली म्हणजे?" घरी माझ्या हातून कपबशा फुटतात, हे खरं. पण ते सरांना कोणी सांगितलं?

त्या दिवशीही काचेत मोजलं. आकडे नाचले. मग सरांनी क्वार्ट्झची काढली, तेच द्रावण स्वतः मोजलं. आकडा जागच्या जागी उभा.

"बघा, हाताचा फरक," ते पाहुण्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "हात अस्वच्छ होता म्हणा मावशी. विषय संपला."

मी म्हणणारच होते. तोंड उघडलंही. पण सकाळी याच बोटांनी नागलीची भाकर थापली होती. ती डब्यात होती. हात घाण म्हटलं, तर दुपारी ती खायची कशी?

"हात नाही सर. काच."

"काय?"

"काचेचा फरक आहे. या काचेत तुम्ही मोजून दाखवा."

क्युवेट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही. पाहुणे मोबाइलमध्ये बघायला लागले.

"नोकरी पक्की करायचीय ना, मावशी?" सर हळूच म्हणाले.

करायचीय. नवऱ्याने पेढ्यांचं दुकानसुद्धा ठरवून ठेवलंय. 

पण काचेत आता मोजणार नाही. हात घाण होता, हे कुणापुढेच म्हणणार नाही. नोकरी राहो, जावो. आणि मावशी म्हणून हाक आली, तर ओ देणार नाही.