धुऱ्याच्या खालचा कोरिया

माहा लेक कोरियात सयपाक करते. पयले पांढरकवड्याच्या रोडवर धाब्यावर होता, मंग हैद्राबादले गेला, तथून एका हाटेलवाल्यानं त्याले तिकडं नेलं. मले एवढंच माईत, का तथी थंडी लय हाय.

त्या साली कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती. माणसं किडीचं इषारी औषध फवारे अन् दवाखान्यात पडे. काही वापस आलेच नाही. आमच्या घरचेही पंप पाठीवर घेऊन जात. ते घरी येईस्तोवर मले काम सुचे नाही.

अशात एक दिवस दोन वावराच्या मधल्या धुऱ्यापलीकडून, बांधावरून, मोठी जाऊ वरडली, "काहून वं, तुह्या पोराच्या कोरियानं बॉम्ब फोडला म्हणते! टीवीवर दाखवून राह्यले. जमीन हालली."

"तो तं भाजी करते तथी," म्या म्हटलं.

रविवारी दुपारी लेकाचा फोन आला. म्या पयले बॉम्बचंच इचारलं.

तो हासला. "माय, कोरिया दोन हायेत. मी खालच्यात हाव. फोडते तो वरचा. त्याचं कोणाशी येणं नाही, जाणं नाही. नुसता भेवाडते साऱ्याइले."

"मंग तुमच्यातले काय करते?"

"अमेरिकेचं यंत्र बसवलं, वरून बॉम्ब आला तं हवेतच फोडाले. त्याच्यावरून चीन रुसला. आमच्या हाटेलात चिनी गिऱ्हाईक येणं बंद झालं."

"ते दोघं कोरिया भाऊच ना?"

"व्हय. वाटणी झाली."

"त्याइचा धुरा तुह्या खोलीपासून किती दूर?"

"दूर हाय वं. यवतमाळहून पांढरकवडा समज."

त्याले वाटलं मले धीर येईन. त्या रस्त्यानं म्या किती खेपा गेली! यष्टीत बसलं, जरा डोया लागला, का उतराचंच. अन् इथी जेठाच्या, आमच्या घरच्याइच्या मोठ्या भावाच्या, वावरातला फवारा हवेसंगं धुरा वलांडून आमच्या कडब्यावर येत होता. तथी हवेसंगं काय येईन?

"तू वापस ये," म्या म्हटलं.

"यवतमाळची फवाऱ्याची बातमी म्या इथी वाचली, माय. बाबा फवारते का अजून?"

"तू ये. मंग त्याइले जाऊ देत नाही."

"पयले त्याइले थांबव."

मंग तोच म्हणे, "इथी कोणी भेत नाही. धोक्याचा भोंगा वाजला का लोकं तयघरात जाते, वापस येते अन् भाजीत मीठ कमी म्हणून माह्यावर वरडते."

म्या म्हटलं, "बाबाचा पंप बिघडला. आता नाही फवारत."

"खरं?"

"खरं."

आमच्या घरचे तवा वावरातच होते, पंप पाठीवर, तोंडाले माह्या जुन्या लुगड्याची चिंधी. लेकाचा आवाज मोकया झाला. फोन ठेवल्यावर माह्या ध्यानात आलं, का म्या जसं खोटं सांगतलं, तसंच मिठाचं अन् भोंग्याचं त्यानंही सांगतलं असन.

मंग पुढच्या रविवारी म्या धुऱ्याचं नाही इचारलं. त्यानंही पंपाचं नाही इचारलं.